सात वाइन आणि आठवी नळी

आधी माफी मागतो. हा आजार वीस-वीस वर्षं काढलेली माणसं दर मंगळवारी तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे उभी असतात. मला जेमतेम सव्वा वर्ष झालंय. शिवाय परीक्षेच्या पेपरापलीकडे काही लिहिणारा आमच्या घरात मीच पहिला, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही घरात कुणी नाही. पण वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, नवी मुलं येतात, घाबरतात, त्यांना तुझ्याच वयाच्या कुणाचं तरी वाचायला द्यायला हवं. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कागदच हातात दिले.

औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टर सांगतील आणि नीट सांगतील. मी फक्त काय झालं ते लिहितो. त्यात एक चूक माझी आहे. ती आजाराहून जास्त त्रास देत राहिली, म्हणून तीही लिहितो.

पेटीतली बाटली

आम्ही ठाण्याचे, खाडीकाठचे कोळी. मी चौथीत असताना आई गेली. मला वाढवलं ते हिरा आतेनं. ती वडिलांची मोठी बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, सासर कल्याणला. आईच्या बाराव्याला आली ती परत गेलीच नाही. सकाळी मासळी घेऊन बाजारात बसायची आणि दुपारी येऊन माझ्या वह्या उलटून बघायची. तिला वाचता येत नाही, पण लाल शाई कुठे आहे ते बरोबर दिसायचं. "यो लाल कला?" म्हणजे हे लाल का, असं विचारायची, आणि मला उत्तर द्यावं लागायचं.

आमच्याकडे बाळंतिणीला, तापातून उठलेल्या माणसाला, अंगात रक्त नसलेल्या मुलीला पोर्ट वाइन देतात. ती कुणी दारूत धरत नाही, औषधात धरतात. आतेची बाटली तिच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या लुगड्याशेजारी उभी असायची. नवी बाटली उघडली की पहिले थेंब जमिनीवर, वाडवडिलांना. मग बाटलीचं टोपण भरून दोनदा ती स्वतः घ्यायची, गुडघ्यांसाठी. रोज तिन्हीसांजेला, मी लहान असल्यापासून.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर मी वाळायला लागलो. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, मग दुसरं. तहान इतकी लागायची की तांब्या उशाशी ठेवू लागलो. मी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणून सगळ्यांना वाटलं अभ्यासानं होतंय. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही वाटला. आतेनं पेटी उघडली. दोन टोपणं सकाळी, दोन संध्याकाळी. गोड, दाट, घशाला किंचित ऊब देणारी. मी आणखी वाळलो तशी तिनं तीन तीन टोपणं केली.

सात नळ्या

आमच्या दामले मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या. प्रोजेक्टसाठी त्यांनी प्रत्येक जोडीला एक पदार्थ दिला आणि त्यातली साखर मोजायला सांगितली. कुणाला जॅम, कुणाला उसाचा रस. मला आणि नेल्सनला वाइन, कारण नेल्सनची आई नाताळात घरी वाइन करते आणि बाकीच्या बाटल्या त्याचे काका मिळवून देणार होते.

सात प्रकार जमले. कोरडी लाल, कोरडी पांढरी, एक गुलाबी, एक बुडबुड्यांची, पोर्ट, नेल्सनच्या आईची मनुक्यांची आणि त्याच्या मावशीची जांभळाची. मी घरात बाटली बघत वाढलो, तरी मला माहीत नव्हतं की द्राक्षं सगळीच गोड असून वाइन सगळ्या गोड नसतात. मॅडमनी समजावलं. यीस्ट नावाचे जीव रसातली साखर खातात आणि तिचा अल्कोहोल करतात. त्यांना पोटभर वेळ दिला तर ते जवळजवळ सगळी साखर संपवतात, ती कोरडी वाइन. पोर्टमध्ये मधेच बाहेरून कडक स्पिरिट ओततात, त्यानं यीस्ट मरतं आणि न खाल्लेली साखर तशीच राहते. मनुक्यांच्या वाइनमध्ये नेल्सनची आई साखरच इतकी घालायची की यीस्ट दमून जायचं.

नेमकं मोजण्याआधी ढोबळ अंदाज घ्यायचा होता. त्यासाठी बेनेडिक्टचं निळं द्रावण नळीत घ्यायचं, वाइनचे थोडे थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. साखर नसेल तर निळं निळंच राहतं. असेल तसं हिरवं, पिवळं, नारिंगी होत जातं आणि खूप असेल तर विटेसारखं लाल. लाल वाइनचा रंग आधी कोळशाच्या भुकटीनं काढावा लागतो, नाहीतर तो डोळ्यांना फसवतो. मॅडमचा नियम एकच. एक रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हे, तीन घ्या.

आमच्या नळ्या छान रांगेत आल्या. दोन्ही कोरड्या वाइन जेमतेम हिरवट. बुडबुड्यांची त्यांच्यासारखीच. गुलाबी हिरवी-पिवळी. जांभळाची नारिंगी. पोर्ट आणि मनुक्यांची वीट. नंतर हिशेब केला तेव्हा चहाच्या कपभर पोर्टमध्ये दोन-तीन चमचे साखर निघाली. कोरडीच्या कपात चिमूटभर.

मी त्या तासात तीनदा बाहेर जाऊन आलो होतो. नेल्सन म्हणाला, "अरे, तू नळाला पाइप लावून आलायस का? चल, तुझी पण टेस्ट करू. तू आमच्यात सगळ्यात गोड." आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि एका बीकरमध्ये घेऊन आलो. आठवी नळी लावली.

निळा रंग हिरव्यावर थांबला नाही, पिवळ्यावरही नाही. पोर्टच्या नळीला वेळ लागला होता, हिला लागला नाही. तळाशी विटेचा गाळ बसला, सातांपेक्षा गडद.

सगळे पुन्हा हसले. नेल्सननं पोर्टची नळी आणि माझी नळी शेजारी धरून दाखवली. तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांनी विचारलं, हा नमुना कुठला. माझ्याकडे बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी आणखी दोनदा करायला लावली, स्वतः उभ्या राहून. तिन्ही नळ्या सारख्या आल्या. मग त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चल. एप्रन काढू नकोस, वेळ जाईल."

टेंभी नाक्यावरून रिक्षा वळली तेव्हा मी त्यांना विचारलं, प्रोजेक्टचं काय. त्या म्हणाल्या, प्रोजेक्ट झाला.

मी काय बोललो

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातो, म्हणून थोडक्यात लिहितो.

इस्पितळात दाखल केल्यावर संध्याकाळी वडील आणि आते आले. मला सलाईन लागलेलं होतं, डोकं गरगरत होतं, पण बोलता येत होतं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, गोड काय काय खाण्यात आहे. मी उशीवरून मान उचलली आणि म्हणालो, आते रोज सकाळ-संध्याकाळ पोर्ट वाइन देते, आणि आमच्या टेस्टमध्ये पोर्टमध्ये खूप साखर निघाली. हे मी परीक्षकाला सांगावं तसं सांगितलं. निकाल ताजा होता आणि माझ्याच हातानं काढलेला होता.

डॉक्टर म्हणाले, ते आजपासून बंद. आणि पुढच्या खाटेकडे गेले.

ते एवढंच म्हणाले. पोर्टमुळे झालं असं ते म्हणाले नाहीत. पण वडिलांनी तेच ऐकलं. ते आतेकडे वळून म्हणाले, "तुज्या बाटलीनं खाल्ला माज्या पोराला."

आते माझ्या पायांवरची चादर नीट करत होती, ती तशीच करत राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांनी सांगितलं, बाटली खाडीत ओतली, पेटी घेतली आणि कल्याणला दिराकडे गेली.

अकरा दिवस

वॉर्डाचं वेळापत्रक तुम्हाला लवकरच पाठ होईल. पहाटे रक्त घेतात, मग सुई, मग चहा बिनसाखरेचा. दुपारी पुन्हा. सुरुवातीला मला प्रत्येक वेळी वाटायचं की ही शेवटची असेल. चौथ्या दिवशी सिस्टरनी एक मोसंबं आणि काचेची सिरिंज दिली आणि म्हणाल्या, टोचायला शीक. "मोसंबं ओरडत नाही, तू पण ओरडू नकोस." मी विचारलं, किती दिवस टोचायचं. त्या म्हणाल्या, रोज. मी पुन्हा विचारलं, किती दिवस. त्यांनी मोसंबं माझ्या हातात नीट धरून दिलं.

त्या दुपारी मी छताकडे बघत पडलो होतो. मरणाची भीती वाटली असं सांगितलं तर खोटं होईल. आयुष्यभर मोजत राहावं लागणार, याची भीती वाटली.

आठव्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरांना धीर करून विचारलं की हे पोर्टनं झालं का. ते म्हणाले, नाही. तुझ्या शरीरात साखर वापरायला मदत करणारा रस बनायचाच थांबलाय. तो पोर्ट पिऊन थांबत नाही. पोर्टनं तहान आणखी वाढली असेल, दोन-चार आठवडे आधी चित्र बिघडलं असेल, इतकंच. माझ्यासारखे तुम्हीही कुणाला तरी मनातल्या मनात दोष देत असाल, तर कृपा करून हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. मी आठवडाभर उशीर केला.

घर

घरी फ्रिज नव्हता. औषधाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याच्या माठात सोडायचो. सिरिंज उकळायला एक भांडं वेगळं काढलं. लघवीची तपासणी रोज घरीच करायची होती, त्याच निळ्या द्रावणानं, त्याच नळीत. जे मी मार्कांसाठी केलं होतं ते आता न्याहारीआधी करायला लागलो. नेल्सन घरी यायचा, बसायचा, नळीचा रंग बघून नुसता "हिरवा" म्हणायचा आणि चहा प्यायचा. त्यानं त्या विनोदाबद्दल कधी माफी मागितली नाही. मला ते बरं वाटलं. तो विनोद झाला नसता तर मी आणखी किती दिवस टोपणं मोजत राहिलो असतो, कुणास ठाऊक.

स्वयंपाक वडील आणि मी करायचो. वडील आतेचं नाव काढायचे नाहीत.

एका सकाळी सुई घेतली आणि खायला उशीर झाला. अंगाला दरदरून घाम, हात थरथर, जीभ जड. साखर फार खाली गेली की असं होतं. मी वडिलांना डबा दाखवला आणि साखर मागितली. त्यांनी डबा मागे ओढला. डॉक्टरनं बंद सांगितलीय, म्हणाले. मी त्यांच्या हातातून डबा घेऊ शकलो नाही. शेवटी जमिनीवर बसलो आणि एवढंच म्हणालो, "द्या, नाहीतर जाईन." त्यांनी मूठभर साखर पाण्यात ढवळून पाजली. थोड्या वेळात मी नीट बोलायला लागलो.

वडील डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. म्हणाले, साखरेनंच उठलास. मग मी हिरीला काय बोललो.

तेव्हापासून माझ्या खिशात खडीसाखर असते. तुमच्याही असू द्या, आणि ती कशासाठी हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

कल्याण

एका रविवारी मी कल्याणला गेलो. पिशवीत नळी, चिमटा, ड्रॉपर आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलेलं निळं द्रावण. का घेतलं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. मोजण्यानं जे बिघडलं ते मोजण्यानंच दुरुस्त होईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

आते दिराच्या ओटीवर जवळा निवडत होती. मला बघून तिनं आधी माझ्या मनगटाला धरून जाडी बघितली. मग पुन्हा जवळा निवडायला लागली.

मी म्हणालो, "आते, घरी चल."

"तुजा बापूस कला नाय आयला?"

मी पिशवी ओटीवर ठेवली.

"तू शिकलेला हास, बाला. तूच सांगितला ना डाक्तराला, बाटलीत साखर हाय म्हनून?"

"हो."

"ता खरा हाय का खोटा?"

"खरं आहे."

"मंग झाला."

मी तिला ताडीचं उदाहरण दिलं. सकाळी उतरवलेली नीरा गोड असते, संध्याकाळपर्यंत आंबट होते, कारण तिच्यातली साखर खाणारं कुणीतरी तिच्यात असतं. माझ्या अंगात ती साखर खाणारं कुणी उरलं नाही, म्हणून माझी नीरा गोडच राहते. तिनं लक्ष देऊन ऐकलं. ताडी तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. मग तिनं विचारलं की बाटलीतली साखर तशी का खाल्ली जात नाही. मी प्रामाणिकपणे सांगितलं, तिच्यात कडक स्पिरिट ओततात, त्यानं खाणारे मरतात.

तिनं जवळ्याचं सूप खाली ठेवलं.

"मंग तुज्या अंगातलं पन त्यानंच मारलं."

विज्ञान चुकीचं होतं, पण तर्क माझ्यापेक्षा सरळ होता. तीन वर्षं शिकून मी ओटीवर तोंड बंद करून बसलो.

मग आठवलं. "आते, तूही तीच घेत होतीस. माझ्याआधी किती वर्षं. तुझे मेले असतील तर तुझी नळीपण लाल येईल." आणि मी पिशवीतून नळी काढली.

तिची जाऊ आतून ऐकत होती. ती दारात येऊन म्हणाली, "या वयात परीक्षा देतस काय गो हिरे? नापास झालीस तं पुन्ना पयलीत." आते तिच्यावर डाफरली आणि माझ्यावरही. पोराच्या पुढ्यात असलं काही करणार नाही म्हणाली. मी जबरदस्ती केली नाही. फक्त दाखवलं. एक बोट निळं, आठ थेंब, उकळत्या पाण्यात भाताला दोन उकळ्या येतील तितका वेळ. निळं राहिलं तर काही नाही. सामान ओटीवरच ठेवलं. एकदाच करून बघ, म्हणालो.

निघताना तिनं विचारलं की ती सुईची बाटली कशात ठेवतोस. मी म्हटलं, पिण्याच्या माठात. तिनं आत जाऊन झाकणाचं एक लहान मडकं आणून माझ्या हातात दिलं.

परत येताना पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली आणि मला कळलं मी काय करून बसलो ते. आतेचं वय पन्नाशीच्या पुढे. त्या वयात साखर कितीतरी लोकांना निघते, त्याला पोर्ट लागत नाही. नळी लाल आली असती तर ती आजारी असल्याचं कळलं असतं, आणि तिचा दोषही तिच्या मते सिद्ध झाला असता. माझ्याच हातची नळी, माझाच नियम. उलट निळी आली तरी दामले मॅडमनी त्या पुराव्याला दहापैकी दोन मार्क दिले नसते. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण आतेला मी हेच माप दिलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

मधलं एक

पुष्कळ जण विचारतात, मग कोरडी वाइन तुला चालत असेल, तिच्यात साखर नाही म्हणतोस. मी हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पेल्यातली साखर हा अर्धाच प्रश्न. सुई घेणाऱ्यानं रिकाम्या पोटी कुठलीही दारू घेतली तर अंगातली साखर फार खाली जाऊ शकते आणि बघणाऱ्याला वाटतं, चढली. तेव्हा बाटलीवरचं नाव वाचून ठरवू नका, आपापल्या डॉक्टरांना विचारा. मी घेत नाही. सात प्रकार मोजले, पण चव एकाच वाइनची माहीत आहे.

निरोप

एक आठवडा गेला, दुसरा गेला. परीक्षा मी त्या वर्षी दिली नाही, मॅडम म्हणाल्या पुढच्या वर्षी दे. सकाळी नळी, सुई, भाकरी. औषध आता लहान मडक्यात होतं आणि माठातलं पाणी पुन्हा पिण्यापुरतं झालं होतं. तिसरा आठवडा संपत आला तशी माझी खात्री झाली की नळी लाल आली आणि आते ते लपवतेय. वडिलांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी जातो. पण दोन रविवार गेले तरी ते गेले नाहीत. तिच्यापुढे उभं राहायची त्यांना लाज वाटत होती, असं मला वाटतं.

आमच्या शेजारची पार्वती मावशी कल्याणच्या बाजारात मासळी घेऊन जाते. एका दुपारी वडील ओटीवर जाळं विणत बसले होते आणि मी वाचत होतो. मावशी रिकामी पाटी कमरेवर धरून दारात थांबली. म्हणाली, हिरीचा निरोप हाय, मना काय समजला नाय, जसा सांगितला तसा सांगते.

वडिलांच्या हातातली सुई थांबली.

"निला आला म्हनाली. येकदा नाय, तीनदा केला, तीनदा निलाच आला." मावशीनं पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली. "ना पेटी जड हाय म्हनं, बापसाला पाठव."